मर्यादा

पहाटे साडेचारला, सोहारच्या बंदरामागच्या कॅम्पात
ट्यूबलाइटखाली मी दंडाला पट्टा बांधते, शीर शोधते.
ही माणसं मला सिस्टर म्हणतात.
मी लॅब टेक्निशियन, देवरूखची.
पण इतक्या पहाटे वाद कोण घालतं.

संडासाच्या दाराला आतून आम्ही तक्ता चिकटवलाय:
लघवीच्या आठ छटा, एक म्हणजे पाणी, आठ म्हणजे धोका.
आकडा कुणीच सांगत नाही.
वेल्डर सुकुमारन म्हणतो, "आज मोसंबी."
पेशावरचा गुलजमान म्हणतो, "कहवा, बिनदुधाचा."
जोगेंदर मुखिया, नेपाळच्या सरलाहीचा, परांची बांधणारा,
नोंद क्रमांक एकशे सतरा,
म्हणाला, "आज मोबिल ऑईल, सिस्टर," आणि हसला.
मीही हसले.
मग आठावर गोल केला.

अर्ध्या माणसांना मीठ-साखरेचं पाणी, कापडाची सावली,
तासाला दहा मिनिटं टेकायला.
उरलेले तुलना गट.
तुलना गटाला फक्त तुलना.
पाकिटं बंद होती, चिठ्ठ्या मीच काढल्या.
एकशे सतराच्या पाकिटाचा डिंक
दुपारपर्यंत बोटाला चिकटून होता.

जून. क्रिएटिनिन शून्य पूर्णांक नऊ.
जुलै. एक पूर्णांक चार.
ऑगस्टात पाइपाला उघडा हात लावला
तर कातडी पाइपाकडेच राहते,
तेव्हा दोन पूर्णांक एक.
डॉक्टर झुवेनांनी त्याच दिवशी कंपनीला लिहिलं:
याला हलकं काम द्या.
कंपनीनं त्याहून हलकं केलं.
तिकीट काढलं.

नव्वदाव्या दिवशी सरासरी आली.
पाण्याचा गट सुधारला, ठीक.
तुलना गटही सुधारला!
सेफ्टी ऑफिसर खजुराचा डबा घेऊन आला.
म्हणाला, बघा, आमची माणसं काटक.

रात्री मी बोटांवर मोजलं.
चाळीस होते, एकोणतीस उरले.
जे आजारी पडले ते विमानात बसले,
म्हणून मागे राहिलेले ठणठणीत.
सुपातला कोंडा पाखडून उडवायचा
आणि म्हणायचं, यंदा तांदूळ काय स्वच्छ आला.

फोन लावले.
कुणाचा बंद, कुणाचा भलत्याच माणसाकडे.
चौथ्या खेपेला एका मुलीनं उचलला, बापाला दिला.
आठवड्यातून दोनदा जनकपूर, तो म्हणाला.
मशीनवर चार तास, बसमध्ये पाच.
म्हैस विकली. बरी म्हैस होती.
सावकाश बोलत होता, फोनचे पैसे माझे होते म्हणून असेल.
मग स्वतःच विचारलं,
"रंग सांगायचा का, सिस्टर?"
आणि पुन्हा तेच हसू:
"रंग नाही आता. होतच नाही."

मी तारीख भरली. चौकोन लाल झाला.
दिवस सत्त्याण्णव. मुदत नव्वद.
पुन्हा भरली. पुन्हा लाल.
त्याच्या नावासमोर यंत्रानं आपणहून लिहिलं:
पाठपुरावा तुटला.

डॉक्टर झुवेना खूप वेळ पडद्याकडे बघत बसल्या.
मग निबंधाच्या शेवटून दुसऱ्या पानावर
त्यांनी साडेतीन ओळी घातल्या, अकरा जणांबद्दल.
वर शीर्षक आधीपासूनच होतं: मर्यादा.

आई म्हणायची, बाईनं मर्यादा सोडू नये.
दिवेलागणीच्या आत घरी, आवाज खाली, पदर वर.
मी तर समुद्र ओलांडून आले,
आणि इथं हा शब्द भेटला तो असा,
माणसं ठेवायच्या फडताळासारखा,
ज्याचं दार वाचणारे बहुधा उघडत नाहीत.

आज नवी तुकडी आली. तक्ता नवा लावला.
आठव्या छटेखाली मी पेनानं एक चौकोन आखलाय,
आत काहीच भरलेलं नाही.
डॉक्टरांनी पाहिला. काढ म्हणाल्या नाहीत.
रांगेतल्या पहिल्या पोरानं विचारलं,
"सिस्टर, हा नववा कसला?"
मी म्हटलं, मूठ आवळ.
शीर सापडत नव्हती.